ॲपवर बंद, आडावर चालू: नोडएमसीयू, रिले आणि पाण्याची मोटार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोडएमसीयूचा बोर्ड (ईएसपी ही वायफायची चिप असलेला), चार चॅनलचं निळं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि एक मोबाईल चार्जर, एवढ्या सामानावर तुम्ही घर वायफायवर घेतलंत. दोन रिलेंवर अंगणातला आणि गोठ्यातला दिवा, तिसऱ्यावर पंखा, चौथ्यावर आडावरची १ एचपीची मोनोब्लॉक मोटार. महिनाभर छान चाललं. आता लाईट गेली आणि आली की मोटार क्षणभर आपोआप ‘हुं’ करते. मोटार बंद केली की कधीकधी बोर्ड लटकतो. आणि परवा ॲपवर बंद दिसत असताना मोटार रात्रभर चालू राहिली, टाकी वाहून अंगणात तळं झालं. तुम्ही विचारलंय, कोडमध्ये काय चुकलं?

कोडकडे येऊच, पण आधी एक काम करा. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून चौथ्या रिलेवरची मोटारीची वायर आजच काढा. तूर्त मोटार जुन्या स्विचवर चालू दे.

मोटार बंद झाली नाही, कारण तो रिले आतून चिकटलाय. तो फेकू नका. मॉड्यूलवरून काढा आणि त्याचं निळं टोपण ब्लेडने कडेकडेने कापा. आत तांब्याच्या तारेची गुंडी (कॉइल), तिच्यावर एक लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला पातळ पत्र्यावर बसवलेला संपर्काचा ठिपका. तो ज्वारीच्या दाण्याएवढाही नसतो. तुमच्या रिलेत समोरासमोरचे दोन ठिपके काळे पडून एकमेकांत वितळलेले दिसतील. टाचणीने उचकलंत तर ‘टच्’ करून सुटतील. याच कारणाने पुष्कळदा मॉड्यूलवर टिचकी मारली की मोटार बंद होते, ‘लूज कनेक्शन असेल’ असं म्हणून माणूस तोच रिले परत वापरतो आणि आठवड्याभरात पुन्हा टाकी वाहते.

त्या टोपणावर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं हे खरं. पण तो आकडा बल्ब-हीटरसारख्या साध्या रोधक लोडचा आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण तो शाफ्टवरचा आकडा. पॉवर फॅक्टर आणि मोटारीची कार्यक्षमता धरली की सिंगल फेजवर चालताना साधारण ६-७ अँपिअर ओढले जातात आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणजे ३५-४० अँपिअर त्या दाण्यातून जातात, तेही नेमके ठिपके एकमेकांवर आपटून थरथरत असताना. ते वेल्ड झाले नाहीत तरच आश्चर्य. एलईडीच्या मोठ्या फ्लडलाईटचंही असंच असतं. आतला कपॅसिटर चार्ज होताना झटका देतो, म्हणून ५० वॅटचा दिवासुद्धा कधीकधी रिले चिकटवून ठेवतो. तुमच्या अंगणातल्या दिव्यावर लक्ष असू द्या.

मोटारीसाठी काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट जोडणारा-तोडणारा दणकट रिले, लागतो. दुकानात मागताना ‘एसी-३ ला १२ अँपिअर, कॉइल २३० व्होल्ट’ असं म्हणा. एसी-१ हे रेटिंग रोधक लोडचं, एसी-३ मोटारीचं. एकाच काँटॅक्टरवर दोन्ही आकडे छापलेले असतात आणि घाईत मोठाच डोळ्यात भरतो. एवढ्या आकाराच्या काँटॅक्टरची कॉइल ओढताना क्षणभर साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेते आणि धरून ठेवायला १० व्हीएच्या आतच. ही कॉइल चालू-बंद करण्याचं काम तुमचा निळा रिले वर्षानुवर्षं करील.

आता लाईट आल्यावरच्या ‘हुं’कडे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोटारीचा रिले डी४ पिनवर दिसतोय. बोर्डाचं रीसेट दाबून ईएसपीच्या पत्र्याजवळच्या छोट्या निळ्या दिव्याकडे पाहा. तो एकदा लुकलुकतो. तो दिवा डी४ वरच आहे आणि पिन खाली (लो, म्हणजे शून्य व्होल्टवर) गेली की पेटतो. तुमचं मॉड्यूलही उलट्या चालीचं, म्हणजे पिन खाली गेली की रिले ओढणारं. दिवा लुकलुकला की रिले टिकटिकला. डी३, डी४ आणि डी८ या पिना चिप उठताना ‘कुठून बूट होऊ’ हे ठरवायला वापरते, म्हणून त्यांच्यावर रिले लावू नये. डी१ आणि डी२ सगळ्यांत निर्धोक, त्यानंतर डी५, डी६, डी७.

पिन बदलूनही एक टिकटिक उरेल आणि ती मात्र कोडमधली आहे. तुम्ही आधी पिनमोडने पिन आउटपुट केलीत आणि मग डिजिटलराइटने तिला हाय (वर, म्हणजे ३.३ व्होल्टवर) केलंत. या दोन ओळींच्या मधल्या वेळात पिन लो असते. ओळींची अदलाबदल करा. आधी हाय लिहा, मग आउटपुट करा.

बोर्ड लटकण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांना हात देतात. पहिलं चार्जर. रिलेची ५ व्होल्टची कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे एकेक रिले ७० मिलीअँपिअर खातो. चारही ओढले की २८० च्या वर. ईएसपी सरासरीला कमी घेत असला तरी वायफायवर बोलताना क्षणभर ३०० च्या पुढे उसळतो. स्वस्त चार्जर आणि बारीक तारेची मीटरभर केबल असेल तर बोर्डापर्यंत ५ चे ४.३ व्होल्ट होतात. बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला वर साधारण एक व्होल्टाची मोकळीक लागते, ती उरत नाही. २ अँपिअरचा चांगला पुरवठा, जाड आखूड वायर आणि बोर्डाच्या ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने निम्मी दुखणी जातात.

दुसरं कारण ठिणगी. मोटार किंवा काँटॅक्टरची कॉइल तोडली की तिच्यातली साठलेली ऊर्जा संपर्कांमधून ठिणगी होऊन बाहेर पडते. तो झटका वायरींवरून आणि हवेतूनही चिपपर्यंत पोचतो. काँटॅक्टर लावला म्हणून हे आपोआप जाणार नाही. माझ्याकडे एका पॅनेलमध्ये दर चार-पाच वेळेला मोटार बंद केली की बोर्ड रीसेट व्हायचा. मी दोन रविवार कोड चाळण्यात घालवले आणि शेवटी कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला, तेव्हा ते कायमचं थांबलं. कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. स्नबर कॉइलवर लावायचा, रिलेच्या संपर्कावर नाही. संपर्कावर लावलात तर रिले उघडा असतानाही त्यातून ७ मिलीअँपिअर झिरपतात. दिव्यांच्या रिलेवर हे केलं तर एलईडी बल्ब रात्रभर काजव्यासारखा मिणमिणतो, आणि लोक वायरमनला दोष देतात.

मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी (कॉइलचा पुरवठा) आणि व्हीसीसी (इशाऱ्याच्या बाजूचा पुरवठा) यांच्यामध्ये एक छोटं पिवळं किंवा काळं जंपर असतं. ते लावलेलं असेल तर आतल्या ऑप्टोकपलरचा, म्हणजे फक्त प्रकाशातून इशारा पलीकडे देणाऱ्या भागाचा, विलगीकरणाला काही उपयोग नाही, कारण दोन्ही बाजूंचा पुरवठा एकच झाला. जंपर काढून कॉइलना वेगळा ५ व्होल्ट आणि ऑप्टोच्या बाजूला बोर्डाचे ३.३ व्होल्ट द्या, असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल. सल्ला बरोबर, पण त्यात एक खोच आहे. त्या बाजूला एक इंडिकेटर एलईडी, ऑप्टोचा एलईडी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर अशी माळ असते. दोन एलईडीच जवळपास ३ व्होल्ट खातात, मग ३.३ मधून उरतं काय? काही मॉड्यूल कशीबशी ओढतात, काही कधी ओढतात आणि कधी रुसतात. नव्याने करणार असाल तर मी यूएलएन२००३ ही चिप आणि सुटे रिले वापरा म्हणेन. सात चॅनल, कॉइलचे डायोड आतच, ३.३ व्होल्टवर सरळ चालते, आणि पिन हाय केली की रिले ओढतो. म्हणजे उलट्या चालीची कटकटही संपली.

आता मुख्य दुखणं. तुमचं ॲप ‘बंद’ दाखवत होतं, कारण तुम्ही बंदचा हुकूम दिला होता. मोटार खरोखर बंद झाली का, हे ॲपला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवाय बोर्ड लटकला, वायफाय गेलं, लाईट रात्री तीनला आली, या प्रत्येक वेळी मोटारीने काय करायचं तेही कुठे ठरलेलं नव्हतं. गंमत म्हणजे यातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर कोणत्याही शेतातल्या जुन्या स्टार्टरमध्ये आहे. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढते, काँटॅक्टर आपल्याच एका जास्तीच्या संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो, आणि लाईट गेली की सुटतो. परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. तेव्हा स्टार्टर मोडू नका, त्याच्यात शिरा.

मी कॉइलची वाट अशी ठेवतो. फेजवरून छोटा फ्यूज, मग ओव्हरलोडचा (करंट फार वाढला की तुटणारा) संपर्क, मग लाल बटण. तिथून पहिला रिले, त्याच्या कॉमन आणि एनओमधून (एनओ म्हणजे एरवी उघडं टोक). त्यानंतर टाकीचा फ्लोट (टाकी भरली की तुटणारा तरंगता स्विच). मग तीन गोष्टी एकमेकींना समांतर: हिरवं बटण, काँटॅक्टरचा स्वतःला धरून ठेवणारा संपर्क आणि दुसरा रिले. शेवटी कॉइल आणि न्यूट्रल.

पहिल्याला मी हजेरीचा रिले म्हणतो. बोर्ड शुद्धीवर आहे आणि मोटारीला परवानगी आहे तोवर तो ओढलेला राहतो. बोर्ड मेला, चार्जर गेला, वॉचडॉगने (लटकलेल्या चिपवर लक्ष ठेवणाऱ्या टायमरने) चिप रीसेट केली, की तो सुटतो आणि मोटार बंद. दुसरा रिले म्हणजे तुमचं बोट. एक सेकंद ओढायचा आणि सोडायचा, हिरवं बटण दाबल्यासारखा. लाईट आली की बोर्ड उठून हजेरी लावतो, पण बोटाने बटण दाबेपर्यंत मोटार हलत नाही. दोन्ही रिलेंवर फक्त कॉइलचा करंट आहे, त्यामुळे चिकटण्याची भीती नगण्य. यदाकदाचित हजेरीचा चिकटलाच तर लाल बटण आणि फ्लोट आहेतच. बोर्ड दुरुस्तीला नेलात तर घरचे बिनपाण्याचे राहू नयेत म्हणून हजेरीच्या रिलेला समांतर एक साधा स्विच ठेवा, त्यावर ‘हाताने’ असं मराठीत लिहा आणि एरवी तो बंद ठेवा.

फ्लोटची वायर टाकीच्या पाण्यात जाते आणि या जोडणीत तिच्यात २३० व्होल्ट असतात. चांगल्या इन्सुलेशनचा केबल फ्लोट आणि मागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर हे करू नका. त्याऐवजी फ्लोट १२ व्होल्टवर चालवून त्याच्याने एक वेगळा रिले ओढा आणि त्या रिलेचा संपर्क कॉइलच्या वाटेत घाला.

मोटार खरंच चालू आहे का, हे विचारायचं तर तिच्या करंटला विचारा. फेजच्या वायरीभोवती अडकवायचा करंट ट्रान्सफॉर्मर मिळतो, ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा. त्याच्या आतच रेझिस्टर असतो, म्हणून प्लग काढला तरी धोका नाही. रेझिस्टर नसलेला घेऊ नका, तो उघडा पडला तर टोकांवर मोठं व्होल्टेज चढतं. बोर्डाच्या ए० या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला उणे व्होल्टेज समजत नाही, म्हणून दोन रेझिस्टरांनी सिग्नल मध्यावर उचलून द्यायचा. माझ्या मोटारीला भरल्या पाण्यावर ६.२ अँपिअर येतात, हवा पकडली की ४ च्या खाली. आता ॲपवर मी बटणाचा रंग हुकुमावरून नव्हे, या आकड्यावरून बदलतो. शिवाय दहा सेकंद ४ च्या खाली राहिला की हजेरी काढून घेतो. मागच्या उन्हाळ्यात आड तळाला गेला, तेव्हा यानेच वाइंडिंग वाचलं.

सॉफ्टवेअरचं आता पटकन सांगतो. स्वतःचा कोड ठेवायचा असेल तर ‘वायफाय जोडलं जाईपर्यंत थांब’ असं जे चक्र सुरुवातीला टाकलंय ते काढा. लाईट आल्यावर ईएसपी दोन-तीन सेकंदांत उठतो, राउटरला मिनीट-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुमचा बोर्ड बटण, फ्लोट, करंट काहीच पाहत नाही. जोडणीचे प्रयत्न मागे चालू राहू देत, बाकीचं काम थांबता कामा नये. मोटार जास्तीत जास्त किती वेळ चालेल ही मर्यादाही बोर्डातच हवी. सर्व्हरवरून ‘पंचवीस मिनिटांनी बंद कर’ असा निरोप येईल यावर विसंबू नका, कारण निरोप यायच्या वेळेलाच नेट जातं.

कोड लिहायचा कंटाळा असेल तर तास्मोटा हे ईएसपीसाठीचं तयार सॉफ्टवेअर टाका. त्यात ‘पॉवरऑनस्टेट’ मुळात ३ असतो, म्हणजे लाईट जाण्याआधीची स्थिती परत आणणारा. दिव्यांना ते ठीक आहे, मोटारीसाठी तो ० करा. ‘पल्सटाइम’मध्ये १११ पर्यंतचे आकडे सेकंदाच्या दहाव्या भागात मोजले जातात आणि त्यापुढच्यांतून १०० वजा केले की सेकंद मिळतात. म्हणून बोटाच्या रिलेला १० दिले की तो एका सेकंदात सुटतो. तुमची टाकी पंचवीस मिनिटांत भरते म्हणालात, तर हजेरीच्या रिलेला १६०० द्या. एक फरक लक्षात घ्या. अशाने हजेरी कायमची न राहता पंचवीस मिनिटांपुरती होते, म्हणून ॲपमधल्या बटणाने आधी हजेरी लावायची आणि मग बोट दाबायचं. मला ते उलट बरं वाटतं.

एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) वापरणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो, कारण मी त्यात पडलोय. निरोप पाठवताना ‘रिटेन’ची खूण केली तर ब्रोकर (निरोप पोचवणारा सर्व्हर) तो जपून ठेवतो आणि जो कोणी नव्याने जोडला जाईल त्याला लगेच देतो. स्थिती कळवायला हे उत्तम. मी हौसेने हुकुमालाही तीच खूण केली होती. संध्याकाळी ‘चालू’ पाठवलं, टाकी भरल्यावर भिंतीवरच्या बटणाने मोटार बंद केली, रात्री लाईट गेली. पहाटे आली तेव्हा बोर्ड ब्रोकरला भेटला आणि ब्रोकरने त्याला आदल्या संध्याकाळचा ‘चालू’ इमानेइतबारे दिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवून उठवलं, त्यांच्या गच्चीत पाणी पडत होतं. हुकुमाला रिटेन नाही, स्थितीला रिटेन. आणि बाहेरगावाहून चालवायचं म्हणून राउटरवर एमक्यूटीटीचं साधं १८८३ पोर्ट उघडून जगासमोर ठेवू नका. घरी व्हीपीएन लावा किंवा पासवर्ड आणि टीएलएससह (निरोप कुलूपबंद करून) ८८८३ वापरा.

दिव्यांबद्दल तुम्ही तळाला एक ओळ लिहिलीत की आईला ॲप नको, भिंतीवरचं बटणच हवं. आईंचं बरोबर आहे. जिन्यातल्या दिव्याला खाली-वर दोन टू-वे स्विच असतात ना, त्यातला एक स्विच म्हणजे रिले समजा. भिंतीवर साध्याऐवजी टू-वे स्विच बसवा, त्याच्या दोन बाजूंच्या पिनांवरून रिलेच्या एनओ आणि एनसीला (एरवी जोडलेलं टोक) दोन वायरी न्या, एका कॉमनला फेज आणि दुसऱ्या कॉमनवरून दिवा. आता दोघांपैकी कोणीही दिवा उलटवू शकतं, बोर्ड बंद असला तरी आईंचं बटण चालतं. फक्त यातही ॲपला दिवा खरा चालू आहे की नाही ते कळत नाही. दिव्याच्या फेजवर एसीचा ऑप्टो बसवून ते कळवता येईल. गोठ्यातल्या दिव्यासाठी मी ती खटपट करणार नाही.

पुढे शेतातली ५ एचपीची थ्री फेज मोटारही अशीच करायची म्हणता, तर तिथे तीन गोष्टी बदलतात. शेतातल्या पुष्कळ स्टार्टरांची कॉइल दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. निळा रिले २५० चा आहे, तो तिथे चालणार नाही. कॉइल कुठे जोडली आहे ते झाकण उघडून आधी पाहा. न्यूट्रल नसेल तर ४१५ वरून २३० देणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा आणि कॉइलही २३० ची घ्या. जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल करणारे लोक पाहिलेत, त्यांच्या नादी लागू नका. दुसरं, स्टार्टरची पेटी लोखंडी. तिच्यात ठेवलेल्या बोर्डाला वायफाय मिळणार नाही, बाहेरून अँटेना लावता येणारा ईएसपी घ्या किंवा बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बाहेर ठेवा. तिसरं, घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीला वायफाय हे साधनच नव्हे. तिथे सिम कार्डाचा मोबाईल स्टार्टर बरा. तो घेताना आत ४जी मोडेम आहे ना ते विचारा, जुन्या २जी मोडेममध्ये जिओचं सिम चालत नाही.

सगळं जोडून झालं की मोटारीच्या जागी आधी १०० वॅटचा साधा बल्ब लावा. बल्ब मोटारीपेक्षा कितीतरी कमी करंट ओढतो, म्हणून त्या दिवसापुरता ४ अँपिअरचा नियम बंद ठेवा. राउटर बंद ठेवून एमसीबी दहा वेळा पाडा-उचला. एकदाही बल्ब आपोआप पेटता कामा नये. मग राउटर चालू करा, ॲपवरून बल्ब पेटवा आणि बोर्डाचा चार्जर उपसा. बल्ब विझला पाहिजे. पुन्हा पेटवा, फ्लोट हाताने उचला, विझला पाहिजे. शेवटी ॲपवरून पेटवून लाल बटणाने विझवा. ही शेवटची परीक्षा मोटार जोडल्यावर आणि ४ चा नियम परत लावल्यावर पुन्हा घ्या, आणि लाल बटण दाबल्यावर ॲपमधला अँपिअरचा आकडा किती सेकंदांत शून्यावर येतो ते मोजून मला कळवा.